गौरव कोणाला दिसणार?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना इथल्या जुन्या मंडळींनी पाहिलेले, ऐकलेले आहे. धर्मावर कोणी बोलू लागले की ते एकच प्रश्न विचारीत : हे कोणासाठी सांगितले आहे? आज मी ख्रिस्ती श्रद्धेतल्या एका फार जुन्या आश्वासनाबद्दल बोलणार आहे, आणि गुरुजींचा तो प्रश्न हाताशी धरूनच बोलणार आहे.

हे आश्वासन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात, अगदी सुरुवातीलाच येते. रानात देवासाठी वाट तयार करायची, खोलगट जागा भरून घ्यायच्या, चढ उतरवायचे. मग देवाचे गौरव प्रकट होईल आणि यच्चयावत माणसे ते एकाच वेळी पाहतील, असा त्याचा आशय. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये हा भाग वाचला जातो. वाचला जातो आणि बहुधा तिथेच राहतो. सगळ्यांचे लक्ष गौरवाकडे जाते. ते पाहणार कोण, हा वचनाचा उत्तरार्ध कानावरून जातो. माझ्या मते सारी मख्खी त्या उत्तरार्धात आहे.

देवाचे गौरव म्हटले की मराठी श्रोत्याला गीतेचा अकरावा अध्याय आठवणे साहजिक आहे. अर्जुनाला दिव्य चक्षू मिळतात, त्याला विश्वरूप दिसते आणि त्याची गाळण उडते. संजय सोडला तर बाकीच्यांना त्याचा पत्ता नसतो. दोन्ही सैन्ये समोर उभी असून कोरडीच राहतात. जुन्या करारातही आधी असेच चालत आले होते. मोशेने देवाकडे गौरवाचे दर्शन मागितले तेव्हा त्याला खडकाच्या कपारीत उभे केले गेले, आणि दिसली ती फक्त पाठ. सीनाय डोंगराला तर लोकांनी शिवायचेसुद्धा नव्हते. पुढे शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले, तेव्हा गौरवाचा मेघ आत असा भरला की याजकांना उभे राहता येईना. त्यानंतर मंदिरातल्या परमपवित्र स्थानात वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जाई. गौरव होते, पण ते पडद्याआड होते आणि पडद्याला राखण होती.

इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने ते मंदिर जाळले. त्याच्या अकरा वर्षे आधी, ५९७ मध्येच, राजा, दरबारी आणि कारागीर यांची पहिली तुकडी बाबेलला नेण्यात आली होती. तीत यहेज्केल नावाचा एक याजक होता. मंदिर दुरावले तर याजकाला काम काय उरते? खबार नदीच्या काठी या माणसाला जे दिसले, त्याने यहुदी धर्माची दिशा पालटली. त्याला गौरव दिसले, आणि त्याला चाके होती! पुढच्या एका दृष्टान्तात त्याने ते गौरव यरुशलेमेतले मंदिर सोडताना पाहिले. ते झटकन निघून जात नाही. आधी उंबरठ्यापर्यंत येते, मग पूर्वेच्या दरवाजापाशी थांबते, मग नगराबाहेरच्या डोंगरावर जाऊन उभे राहते. घर सोडणाऱ्या माणसाने पुनःपुन्हा मागे वळून पाहावे, तसे. चाके असलेल्या देवाला कोणत्याही एका इमारतीत कोंडता येत नाही, ही गोष्ट निर्वासितांच्या ध्यानात आली ती अशी.

चाळिसावा अध्याय याच हद्दपारीच्या अखेरच्या काळातला, साधारण इ. स. पू. ५४० च्या आसपासचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो लिहिणाऱ्याचे नाव कळलेले नाही; सोयीसाठी त्याला दुसरा यशया म्हणतात. त्याच्या डोळ्यांपुढे बाबेल होते, आणि बाबेलमध्ये एक प्रसिद्ध रस्ता होता. नववर्षाच्या उत्सवात मर्दुक देवाची मिरवणूक ज्या रस्त्याने जाई तो. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ पासून तिथे उत्खनन केले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर निळ्या झिलईच्या विटा, त्यांवर चालत निघालेले सिंह. मधोमध चुनखडीच्या मोठ्या फरशा, कडेला लालसर दगडाच्या. त्या फरशांच्या कडांवर, म्हणजे एकदा बसवल्या की कोणाच्याही नजरेस पडणार नाही अशा जागी, लेख कोरलेले सापडले : हा रस्ता महान स्वामी मर्दुकाच्या मिरवणुकीसाठी मी, नबुखद्नेस्सराने, बांधला. रस्ता देवाचा, पण नाव राजाचे.

संदेष्ट्याच्या मनात हाच रस्ता होता, असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि मलाही ते पटते. तो म्हणतो तो रस्ता शहरात नाही. रानात आहे. त्याला भिंती नाहीत, सिंह नाहीत, बांधणाऱ्याचे नाव कोरायला जागा नाही. मर्दुकाच्या मिरवणुकीत गौरव राजाचे दिसे आणि हद्दपार लोक ते कडेला उभे राहून पाहत असत. याच ग्रंथाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात बाबेलच्या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझ्यासारख्या लादलेल्या दाखवल्या आहेत, आणि लगेच देव म्हणतो की तुम्हांला जन्मापासून म्हातारपणापर्यंत मीच वाहून नेत आलो. इथे बसलेल्या काही मित्रांना हा उपहास बोचेल, याची मला कल्पना आहे. तेव्हा एवढे सांगतो की, बोलणारा विजेता नाही. ज्याचे गाव जळले आहे तो जाळणाऱ्याच्या दैवताबद्दल बोलतो आहे. हेच शब्द पुढे सत्ताधारी ख्रिस्ती लोकांनी इतरांच्या देवळांकडे बोट दाखवून वापरले तेव्हा त्यांतली सगळी हवा बदलली, आणि ती वाईट दिशेने बदलली.

इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले आणि हद्दपारांना परतीची वाट मोकळी झाली. पण परत आल्यावर काय झाले? एज्राच्या ग्रंथात नव्या मंदिराचा पाया घातल्याचे वर्णन आहे. तरुण जयघोष करीत होते, आणि ज्यांनी जुने मंदिर पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडत होते. आनंद कोणता आणि रडणे कोणते हे ऐकणाऱ्याला ओळखू येईना. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने धीर दिला की या घराचे गौरव पहिल्यापेक्षा मोठे होईल. ५१५ मध्ये मंदिर पुरे झाले. यज्ञ झाले, सण झाला. मेघ उतरल्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. पुढच्या यहुदी परंपरेने तर दुसऱ्या मंदिरात कोणत्या पाच गोष्टी नव्हत्या याची यादीच सांगितली, आणि देवाचे सान्निध्य तीत मोजले. आश्वासन पुरे झाले नव्हते. तरी ते कोणी खोडून टाकले नाही, उलट त्याच्या नकला करीत राहिले.

अशी एक नक्कल आजही आपल्याला पाहता येते. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथे मेंढपाळांना गुहेत गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली यशयाची मोठी गुंडाळी चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली, सव्वासात मीटरांहून अधिक लांब, चोपन्न स्तंभांची आहे आणि येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षे आधीची आहे. चाळिसावा अध्याय बत्तिसाव्या स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो आणि गौरवाचे वचन तेहेतिसाव्या स्तंभावर येते. त्याच्या खालीच लेखनिकाची चूक आहे. सर्व माणसे गौरव पाहतील असे म्हटल्यावर संदेष्टा लगेच म्हणतो की सर्व माणसे गवत आहेत. गवत सुकते हे तो दोनदा सांगतो. लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर सुटला. नंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने तो ओळींच्या फटीत दाटीवाटीने भरला. तिथेही मावेना तेव्हा उभा समासात उतरवला. ती समासातली ओळ मला फार महत्त्वाची वाटते. गौरव पाहणारे कोण, तर वाळून जाणारे. शूर, शुद्ध किंवा निवडक, अशी कुठलीच अट तिथे घातलेली नाही.

गंमत अशी की, ज्या पंथाच्या गुहेत ही गुंडाळी सापडली त्याने बरोबर अशीच अट घातली होती. ही मंडळी खरोखरच रानात जाऊन राहिली. देवासाठी वाट करणे म्हणजे शास्त्राचे अध्ययन, असा त्या वचनाचा अर्थ त्यांच्या नियमग्रंथात दिलेला आहे. आणि अखेरच्या दिवसांतल्या सभेबद्दलच्या त्यांच्या नियमांत आंधळे, लंगडे, बहिरे, मुके यांना मज्जाव आहे, कारण त्या सभेत देवदूत असतील! त्यांची निष्ठा मोठी होती, त्यात शंका नाही. पण सगळ्यांनी मिळून पाहायचे ते गौरव त्यांनी पुन्हा पडद्याआड नेले.

आता शुभवर्तमानांकडे येतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची ओळख करून देताना चारही शुभवर्तमाने यशयाच्या या भागाचा आधार घेतात. तिघे जण रानात वाट तयार करा म्हणणाऱ्या आवाजापाशी थांबतात. एकटा लूक पुढे जाऊन सर्व माणसांच्या पाहण्यापर्यंत येतो. त्याआधी तो सम्राट तिबेरियापासून महायाजक कयफापर्यंत सात सत्ताधाऱ्यांची नावे ओळीने घेतो, आणि मग सांगतो की देवाचे वचन रानात असलेल्या एका माणसाला मिळाले. पुढे लोक योहानाला विचारतात की आम्ही करायचे काय. उत्तर फारच साधे आहे. दोन अंगरखे असतील त्याने एक ज्याला नाही त्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत आणि पगारात भागवावे. डोंगर खाली आणायचे म्हणजे काय, हे लूकने असे रोजच्या व्यवहारात आणून ठेवले आहे. जकात नाक्यावर उभे राहिलेल्या कोणालाही ते कळण्यासारखे आहे.

आणि येशूचे स्वतःचे गौरव? मार्कच्या दहाव्या अध्यायात जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, त्याच्याकडे एक अर्ज घेऊन येतात. तू गौरवात बसशील तेव्हा आमच्यापैकी एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे जागा दे. येशू म्हणतो, तुम्ही काय मागता ते तुम्हांला कळत नाही, आणि त्या जागा ज्यांच्यासाठी ठरल्या आहेत त्यांच्याच आहेत. पुढे पंधराव्या अध्यायात उजवी आणि डावी बाजू पुन्हा येते. तिथे दोन लुटारू टांगलेले असतात. मार्क एका शब्दाने त्यावर भाष्य करीत नाही. चौथे शुभवर्तमान मात्र उघडच म्हणते की वधस्तंभावर जाण्याची घटका हीच गौरवाची घटका.

रोमी राज्यात वधस्तंभ मुद्दाम रहदारीच्या जागी उभारीत. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर ६००० बंदी कापुआहून रोमला जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने टांगले होते. राज्याचा दरारा सगळ्यांना दिसावा हा हेतू. येशूच्या डोक्यावरची पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती आणि जागा नगराजवळ होती, म्हणून पुष्कळांनी ती वाचली, असे योहानाचे शुभवर्तमान नोंदवते. पडदा नाही, राखण नाही, आंधळ्या-लंगड्यांना मज्जाव नाही. रस्त्याकडेला, येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांसमोर. ज्याला हे गौरव वाटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. प्रेषित पौलाच्या काळापासून पुष्कळांना तो मूर्खपणाच वाटत आला आहे. ख्रिस्ती श्रद्धा मात्र इथे उभी राहते किंवा इथेच पडते.

ती किती लवकर घसरली हेही सांगायला हवे. ३२५ मध्ये निकायाच्या परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना मेजवानी दिली. कैसरियाचा बिशप युसेबियस याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. नंग्या तलवारी घेतलेल्या अंगरक्षकांच्या रांगांमधून देवाची माणसे निर्भयपणे महालात गेली, आणि ते दृश्य ख्रिस्ताच्या राज्याचे चित्र वाटावे असे होते, म्हणे. छळ भोगून बाहेर आलेल्या पिढीचा तो आनंद मी समजू शकतो. तरी हा घात होता. जब्दीच्या मुलांचा अर्ज अखेर मंजूर झाला, तोही रोमी सम्राटाच्या दरबारात. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली जी धार्मिक सक्ती झाली तिची मुळे या मेजवानीपर्यंत जातात.

तलवारींवरून दुसरी एक गोष्ट आठवली. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये हेंडेलच्या ‘मसाया’चा पहिला प्रयोग झाला. त्यातले पहिलेच समूहगान आपल्या या वचनावर रचलेले आहे. जागा कमी पडणार हे ओळखून संयोजकांनी वर्तमानपत्रातून विनंती केली होती की स्त्रियांनी सांगाड्याचे घेरदार झगे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी लावून येऊ नये, म्हणजे जास्त माणसे बसतील. त्या प्रयोगाच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या १४२ माणसांची सुटका झाली. निकायाची मेजवानी एका बाजूला ठेवा आणि हा जलसा दुसऱ्या बाजूला. यशयाला कोणता ओळखीचा वाटला असता?

आपल्याकडे केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून पंधरा वर्षांहून अधिक काळ सबंध बायबल मराठीत आणण्यासाठी घालवला. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावे ही त्यामागची तळमळ. खिळे जुळवण्यापासूनचे छपाईचे काम आश्रमातल्या मुली-बायका करीत. त्यांतल्या कित्येक दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. याच केडगावात अंध मुली-बायकांसाठी बार्तीमी सदन होते. येशूला रस्त्याकडेला भेटलेल्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावाचे. तिथे त्या ब्रेल लिपीत वाचायला शिकत. कुमरानच्या नियमाप्रमाणे त्यांना दारातही उभे केले नसते. रमाबाईंच्या शास्त्रार्थावर वाद झाले, आजही होतात. पण सर्वांनी पाहायचे ते आंधळ्यांनीही पाहायचे, हे त्यांनी करून दाखवले.

आता माझे काही धर्मबांधव म्हणतील, हे सगळे समाजकार्य झाले. प्रभूच्या पुनरागमनाचे काय? आकाश उघडेल त्या दिवसाचे काय? त्यांचा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आश्वासन भविष्यकाळातले आहे आणि ते पुरे करणारा देव आहे. माणसाच्या वाट्याला फक्त रस्त्याचे काम आले आहे. रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की आजची दुःखे पुढे प्रकट होणाऱ्या गौरवाच्या तुलनेत काहीच नाहीत, आणि सबंध सृष्टी त्याची वाट पाहत कण्हते आहे. पण ती सबंध सृष्टी आहे, एकटी मंडळी नव्हे. प्रकटीकरणाच्या ग्रंथाच्या शेवटी जे नगर येते त्यात मंदिरच नाही; देवाचे तेज हाच उजेड आहे आणि वेशीचे दरवाजे कधी बंद होत नाहीत. म्हणजे अखेरचे दृश्यसुद्धा उघड्या वेशीचे आहे. मग जी मंडळी आज कोणाला वेगळ्या बाकावर बसवते, कोणाला दफनभूमीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुरते, ती त्या नगराची वाट पाहते आहे असे कसे म्हणायचे?

शेवटी अमेरिकेतल्या मेंफिसची हकीकत सांगतो आणि थांबतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात यशयाचे हे वचन घेतले होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या शेवटच्या भाषणाबद्दल कमी बोलले जाते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेंफिस शहरात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले, यंत्र आपोआप सुरू झाले आणि ते चिरडून मेले. सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केले. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रोज रस्त्यावर उतरत. ३ एप्रिलच्या रात्री किंग त्यांच्यासमोर बोलले आणि प्रभूच्या येण्याचे गौरव आपल्या डोळ्यांनी पाहिले, या अर्थाच्या ओळीवर थांबले. ती ओळ ज्युलिया वॉर्ड हाउ हिच्या १८६१ मधल्या युद्धगीतातली. सैन्याने पाय आपटत म्हणायची. किंगनी ती कचरा उचलणाऱ्यांना दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची हत्या झाली.

संप चालूच राहिला. १६ एप्रिल १९६८ रोजी मेंफिसच्या प्रशासनाने कामगारांची संघटना मान्य केली आणि पगारवाढ दिली.